गच्चीवरची सावली

मी एक चादर बोलतेय. अंगानं जाडीभरडी, लांबीला निम्म्या गच्चीला पुरेल एवढी, आणि चारही कोपऱ्यांना कालपर्यंत दोरीचे फासे. दिसायला मी कधीच देखणी नव्हते, तेव्हा त्या बाबतीत उगाच थापा मारत नाही. पण चार बांबूंच्या आधारानं एका गच्चीवर मी वर्षानुवर्षं सावली धरून राहिले, आणि माझ्याखाली जेवढे रंग वाळले तेवढे भल्याभल्या रेशमी कापडांनीही पाहिले नसतील. अलीकडे माझी जागा दुसऱ्या कुणी घेतलीय. ते सगळं सांगताना मध्ये थोडी कुरकुर होईल. ती मनावर घेऊ नका.

माझा जन्म गाठोडं बांधण्यासाठी झाला. सुताच्या व्यापाऱ्याकडे लड्यांचे मोठमोठे गठ्ठे असायचे, आणि ते गिऱ्हाइकाकडे धाडताना माझ्यासारख्या कापडात गच्च आवळून बांधायचे. मला विणणाऱ्यानं फारसा जीव लावला नव्हता. जाड धागा, विरळ वीण, काम झटपट. गाठोड्याच्या कापडाकडे कोण भिंग लावून बघणार? गाठोडं सुटलं की कापड परत जायचं, पुन्हा भरून यायचं. माझ्या बहिणी अशाच येरझाऱ्या घालून फाटल्या.

मी मात्र एका घरी गेले ती परत आलेच नाही. त्या घरातल्या ताईनं गाठोडं सोडलं, मला झटकून उजेडासमोर धरलं, मागेपुढे करून पाहिलं आणि व्यापाऱ्याच्या माणसाला सांगितलं, "ही मी ठेवून घेते. तुमच्या शेठना सांगा, माझ्या नावावर लावा."

मला कुणी मागून घेतलं असं तोवर घडलं नव्हतं. तो दिवस मी विसरलेले नाही.

ताई सूत रंगवते. घराच्या मागच्या बाजूला तिची खोली आहे. तिथे विजेवर तापणारे मोठे हंडे, भिंतीलगत बरण्या, बरण्यांत डाळिंबाची वाळलेली साल, मंजिष्ठेची मुळं, तुरटीचे खडे, आणि कोपऱ्यात झाकलेल्या पिंपात नीळ. त्या पिंपाचा वास असा की नवखा माणूस दारातूनच मागे फिरतो. ताईला मात्र झाकण उघडल्या उघडल्या कळतं, नीळ आज खुशीत आहे की रुसलीय. दूरदूरचे विणकर तिच्याकडे सूत पाठवतात. असा लाल रंग दुसरीकडे मिळत नाही, असं ते म्हणतात. मी म्हटलं तर घरचीच म्हणून कुणी खरं मानणार नाही, म्हणून त्यांचं सांगितलं.

ती काम करते ते फक्त दिवसा. दिव्याच्या उजेडात रंग फसवतो, असं तिचं म्हणणं. खिडकीतून येणाऱ्या उजेडात ती लडी धरते, ओठ मुडपते, पुन्हा हंड्यात बुडवते. सूर्य कलला की हंडे बंद.

आणि रंगवण्याइतकंच अवघड काम म्हणजे वाळवणं. रंगवलेल्या सुताला वारा हवा, कडक ऊन नको. ओल्या लडीवर थेट ऊन पडलं की वरची बाजू विटते, खालची गडद राहते, आणि विणकराच्या कापडात नको तिथे पट्टे उठतात. म्हणून गच्चीवर दांड्या, दांड्यांवर लड्या आणि लड्यांवर मी. सूर्य काही एका जागी बसत नाही, त्यामुळे मलाही बसता येत नसे. सकाळी ताई मला एका अंगाला झुकवून बांधायची, मग जरा सरकवायची, दुपारी ताणून वर घ्यायची, उतरत्या उन्हाला पडद्यासारखी खाली सोडायची. त्यासाठी तिनं कधी घड्याळ पाहिलं नाही. जेवता जेवता तिची मान वर व्हायची, आणि ती उठायची.

"अहो ताई, ताटातलं तेवढं संपवा तरी," तिची भावजय म्हणायची.

"आलेच गं. ऊन सरकलंय."

आणि खरंच सरकलेलं असायचं. मी वर होते, मला ठाऊक.

घरात माणसं तीनच. ताई, तिचा भाऊ आणि भावजय. आईवडील गेले तेव्हा भाऊ शाळेत होता. ताईनं सूत रंगवून त्याला शिकवलं, मोठं केलं, त्याचं लग्न लावून दिलं. आता त्याच्या मिशा पिकल्या तरी घरात तो धाकटाच. मीही त्याला धाकटाच म्हणणार. तो बस आगारात गाड्यांची वेळापत्रकं लावतो. कुठली गाडी किती वाजता सुटेल, कुठला चालक कुठे जेवेल, सगळं त्याच्या डोक्यात. भावजय चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते, त्यामुळे तिच्यासमोर नजर चुकवणं जरा कठीण जातं.

तिघंही एकमेकांना तळहाताच्या फोडासारखं जपतात. इतकं जपतात की विचारायचं ते विचारत नाहीत आणि सांगायचं ते सांगत नाहीत. त्याला वाईट वाटेल म्हणून ती गप्प, तिला वाईट वाटेल म्हणून तो गप्प. मी कितीतरी घरांत गाठोडं होऊन गेले, भांडणारी घरं पुष्कळ पाहिली. न भांडता घोळ घालणारं घर हे एकच.

सोलरचं खूळ धाकट्याच्या डोक्यात शिरलं ते विजेच्या बिलापायी. पूर्वी ताई चुलीवर रंग उकळायची. धुरानं तिचे डोळे चुरचुरायचे, म्हणून धाकट्यानंच हट्टानं विजेचे हंडे आणले. तेव्हापासून बिल असं फुगत गेलं की तो ते पाकीट उघडण्याआधी पाणी पिऊन घ्यायचा. ताई आपला वाटा न चुकता द्यायची, पण देताना तिचा चेहरा उतरायचा. ते त्याला सोसायचं नाही. बहिणीनं हंडा लावताना मन मारू नये, एवढंच त्याला हवं होतं.

मग तो दिसेल त्याला विचारत सुटला. आगारातला मेकॅनिक म्हणाला, डोळे झाकून घे, माझ्या सासऱ्यांनी बसवलंय आणि म्हातारा दिवसातून दहा वेळा मीटर बघून हसतो. समोरच्या घरातले काका म्हणाले, नसती ब्याद, धूळ पुसायला वर कोण चढणार, माझे गुडघे? मेहुणा म्हणाला, थांबा जरा, अजून स्वस्त होईल. हा मेहुणा फ्रिज घेतानाही असाच थांबला होता आणि त्याच्याकडचं पाणी अजून कोमटच असतं.

संध्याकाळी माझी घडी जिन्यातल्या खुंटीवर पडायची. तिथून स्वयंपाकघरातलं बोलणं स्पष्ट ऐकू येतं.

"फायद्याचं आहे की नाही, एवढंच कुणी छातीठोकपणे सांगत नाही," धाकटा कुरकुरत होता.

"फायदा म्हणजे कुणाचा?" भावजयीनं विचारलं.

"कुणाचा म्हणजे? घराचा."

"मग घरातल्यांना विचारा. जगाला काय विचारत बसलाय?"

"विचारलं की ताईला. ती म्हणाली, तुला पटतंय तर कर."

"त्या दुसरं काय म्हणणार!" भावजय म्हणाली आणि भांडी जरा जोरात आपटली.

शेवटी मोजणी करणाऱ्या माणसाला बोलावायचं ठरलं. आणि इथे ताईनं एक गोष्ट केली, जी फक्त तीच करू शकते. पाहुणा येणार, त्याला पसारा दिसायला नको, भावाच्या कामात आपली अडगळ नको, म्हणून आदल्या दिवशी तिनं सगळी गच्ची आवरली. दांड्या काढल्या, बांबू उपटून जिन्याखाली ठेवले, मला घडी करून खुंटीवर टाकलं. फरशीवरचे रंगाचे ओघळसुद्धा घासून काढले. वर्षानुवर्षांची वस्ती एका दुपारी उठली, आणि धाकटा आगारात असल्यामुळे त्याला पत्ताही लागला नाही.

मोजणीवाला आला. गोल पोटाचा, मिश्कील माणूस, डोक्यावर टोपी, टोपीखाली रुमाल, रुमालाखाली घाम. उन्हाचा धंदा करणारा माणूस उन्हाला एवढा भ्यालेला मी पहिल्यांदा पाहिला. तो गच्चीवर गेला आणि तिथूनच ओरडला, "वा! गच्ची आहे की मैदान! असं मोकळं छत मिळायला नशीब लागतं."

त्यानं टेप लावली, एका यंत्रातून चहूबाजूंना पाहिलं, बिलं मागून घेतली, ताईच्या हातचा चहा प्यायला आणि काही दिवसांनी नकाशा पाठवला. नकाशात या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत पॅनेलंच पॅनेलं होती, कमरेएवढ्या उंचीवर, ओळीनं. मधून साफसफाईपुरती वाट.

धाकटा तो कागद घेऊन घरभर फिरला. "ताई, हे बघ! एक इंच वाया घालवला नाही. तुझे हंडे आता सूर्यावर चालणार!"

"छान आहे रे," ताई म्हणाली.

"आणि सूत कुठे वाळवायचं?" भावजयीनं विचारलं.

ताई घाईनं म्हणाली, "ते मी बघते गं. मागच्या बोळात होईल काहीतरी."

मागचा बोळ म्हणजे दोन भिंतींमधली फट. तिथे वाऱ्याला वाट नाही. ओलं सूत तिथे टांगलं तर कुबट वास येईल, रंग खाली उतरून ठिबकेल आणि लडीचं एक टोक काळं पडेल. हे मला कळत होतं तर ताईला कळत नव्हतं होय? गच्ची गेली की तिचं रंगकाम गेलं, सरळ गोष्ट होती. पण ती धाकट्याच्या तोंडाकडे बघत हसत राहिली. मी खुंटीवर. मला तोंड असतं तर त्या दिवशी मी कुणाचीच भीड ठेवली नसती.

पुढे एका सकाळी ती जिन्यात बसून फोनवर बोलत होती. पलीकडे तिची जुनी गिऱ्हाईक, एक विणकर बाई. "या खेपेचं सूत पुरं करून देते," ताई सांगत होती. "पुढचं मात्र दुसरीकडे बघा. नाही हो, तब्येत बरी आहे. आता पुरे म्हटलं. किती दिवस करायचं?" आवाज अगदी सरळ होता. पण फोन ठेवल्यावर ती उठली नाही. तिनं हात वर केला, माझा कोपरा मुठीत धरला आणि तशीच बसून राहिली. मला तिचा फार राग आला आणि तिच्याबद्दल फार वाईटही वाटलं.

वरच्या पायरीवर भावजय उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"ताई, हे काय चालवलंय तुम्ही?"

"त्याला सांगायचं नाही हं," ताई म्हणाली. "माझी शपथ आहे. एवढ्या हौसेनं करतोय तो."

भावजयीनं शपथ पाळली. पण डोळे तपासणारी बाई ती. तेव्हापासून ती नवऱ्याकडे अशी बघायची की तो सारखा चष्मा पुसायचा.

त्या शेवटच्या खेपेसाठी ताईनं गच्ची पुन्हा मांडली. धाकटा आगारात जायचा, तो परतायच्या आत आवरून ठेवायचं, म्हणजे त्याच्या मनात काही यायला नको, असा तिचा बेत. पण धाकट्याची सुटी बदलली हे तिला कळलं नव्हतं. तो घरातच होता, आणि तेवढ्यात दार वाजलं. मोजणीवाला न कळवता आला होता. शेजारच्या पाण्याच्या टाकीची दुपारची सावली कुठवर येते, ते त्याला पाहायचं राहिलं होतं.

तो धापा टाकत जिना चढला, दारात थबकला आणि मागे वळून धाकट्याला म्हणाला, "अहो, मी घर चुकलो की काय?"

मोकळ्या मैदानाच्या जागी लाल, पिवळ्या, निळ्या लड्यांच्या रांगा झुलत होत्या. मध्ये मी वारा खात फडफडत होते. खरं सांगते, त्या दिवशी मी मुद्दाम जरा जास्तच फडफडले. ताई माझा फासा सोडून दुसऱ्या बांबूला बांधत होती. ती चोरी पकडल्यासारखी उभी राहिली.

"आवरते हं लगेच," ती म्हणाली. "थोडंच राहिलंय."

"राहू द्या, राहू द्या," मोजणीवाला म्हणाला. त्याचं लक्ष आता माझ्याकडे होतं. "हिला हलवताय कशाला?"

"टाकीची सावली सुटतेय ना. आत्ता ऊन या रांगेवर येईल."

त्यानं यंत्र काढलं, डोळ्याला लावलं, खडूनं फरशीवर रेघ ओढली. ताईनं वाकून पाहिलं. "थंडीत मात्र त्या दांडीपाशी येते," ती म्हणाली. मोजणीवाला खूश झाला. मग दोघं फरशीवर उकिडवे बसले आणि बोलायला लागले. टाकीची सावली, जिन्यावरच्या छपराची सावली, समोरच्या झाडाची पानं झडल्यावरची सावली. ती बोलणी ऐकून वाटावं की दोघांच्या ओळखीच्या माणसांची चौकशी चाललीय. एकाचा सगळा जन्म सावली चुकवण्यात गेला, एकीचा सावली धरण्यात, आणि त्यामुळे दोघांना सावलीच्या सगळ्या खोड्या पाठ. मला ते बघायला फार आवडलं.

धाकटा मध्येच म्हणाला, "ते ठीक आहे, पण मला खरं खरं सांगा. आमच्या घराला हे फायद्याचं आहे का?"

मोजणीवाल्यानं टोपी काढून घाम पुसला. "ते घर बघून सांगावं लागतं, साहेब. दिवसा वीज लागणारं घर असेल तर उत्तमच. नाहीतर बऱ्याच ठिकाणी काय होतं, माणसं कामावरून घरी येतात तेव्हा सूर्य त्याच्या घरी गेलेला असतो. तुमची बिलं बघून मी खूशच झालो. दिवसा एवढी वीज कोण वापरतं?"

"ताईचे हंडे," धाकटा अभिमानानं म्हणाला. "ती दिवसाच काम करते."

"मग सोन्याहून पिवळं!"

"आणि हंडे बंद पडले तर?" मागून भावजय म्हणाली. ती कधी वर आली ते कुणालाच कळलं नव्हतं.

"बंद का पडतील?" धाकट्यानं विचारलं.

"अगं..." ताई म्हणाली.

"ताई, तुमची शपथ मोडते. मला काय व्हायचं ते होऊ दे." ती नवऱ्याकडे वळली. "गच्ची पॅनेलांनी भरली तर हे सूत वाळणार कुठं? त्या बोळात? ताईंनी विणकरांना नाही म्हणून सांगितलंय. ही शेवटची खेप आहे. आता मला सांगा, हंडेच नसतील तर तुमची ती वीज जाळायची कशात? आपल्या दोघांच्या एका पंख्यात?"



"पण मी आलो तेव्हा तर इथे काहीच नव्हतं," मोजणीवाला गोंधळून म्हणाला.

"तुम्ही येणार म्हणून आवरलं होतं," ताई हळूच म्हणाली.

धाकट्याचं तोंड बघवेना. तो कठड्यावर टेकला. "ताई, खरं आहे हे?"

"तू माझ्यासाठीच करत होतास रे. कळत होतं मला. मग नको कसं म्हणू?"

"अगं, तुझ्यासाठी करतो म्हणत तुझंच काम मोडायला निघालो होतो मी!" तो म्हणाला. "एवढी वर्षं या गच्चीवर सूत बघतोय. कागदावर नाही दिसलं तर माझ्याही लक्षात आलं नाही. नकोच ते सोलर. रद्द करा हो."

मोजणीवाला उठला, एका लडीजवळ गेला, मग माझ्याखाली येऊन उभा राहिला. इथे गार होतं, वारा वाहत होता. त्यानं पहिल्यांदाच टोपी खिशात घातली.

"एक मिनिट," तो म्हणाला. "मला सावली नको, आणि यांना ऊन नको. मग भांडण आहे कुठं?"

त्यानं तळहात डोक्याच्या वर आडवा धरून उंची दाखवली.

"सांगाडा उंच करू. माणूस हात वर करून खाली फिरेल एवढा. वर माझं ऊन, खाली यांची सावली. खालून वारा खेळला तर पॅनेलंही जास्त तापत नाहीत, ते आम्हाला बरंच. खांब मजबूत लागतील, खर्च वाढेल, पैसे वसूल व्हायला जास्त वर्षं लागतील. हे आधीच सांगतो, मागाहून बोल नको. नुसता कागद बघितला तर हा वरचा खर्च तोट्याचाच दिसेल."

"कागदावर ताई दिसत नाही हे मी आत्ताच बघितलं," धाकटा म्हणाला. "करा उंच."

आणि तेव्हा ताई बोलली. आयुष्यभर 'तुला पटतंय तर कर' म्हणणारी ताई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "थांब. तू हो म्हणालास, मी नाही म्हणाले अजून. त्याच्याखाली माझं सूत कसं वाळतं ते बघितल्याशिवाय मी हो म्हणायची नाही."

मी त्या क्षणी तिच्यावर पुन्हा नव्यानं जीव टाकला.

मोजणीवाल्यानं काच तडकलेलं एक जुनं पॅनेल आणून दिलं. ते माझ्या शेजारी बांबूंवर आडवं बांधलं. निळीच्या एकाच पिंपातून निघालेल्या तीन लड्या, एक माझ्याखाली, एक त्याच्याखाली. तिसरी ताईनं घरात, अंधाऱ्या खोलीत वाळवली, ताडून पाहण्यासाठी. आता यात माझी काय अवस्था झाली ते तुम्हीच समजून घ्या.  मी हरले तर ताईचं काम वाचणार होतं, आणि तरी मला हरायचं नव्हतं.

वाळण्यात माझी लडी पुढे होती, हे आधी सांगून टाकते. पॅनेलाखालची जरा मागाहून वाळली. मग भावजयीनं तिन्ही लड्या खिडकीशी नेल्या आणि डोळे बारीक करून पाहिल्या. घरातली आणि पॅनेलाखालची अगदी सख्ख्या जुळ्या. माझी त्यांच्याहून किंचित फिकी, जाणकारालाच कळेल एवढी. माझ्या विरळ विणीतून ऊन थेंबाथेंबानं झिरपत होतं, आणि समोर तुलनेला काही नव्हतं म्हणून ते कधी कुणाला दिसलं नव्हतं. पॅनेलातून मात्र उन्हाचा एक कणही खाली आला नव्हता.

ताईनं माझ्या अंगावरून हात फिरवला. "बिचारी गाठोड्याची. तिनं काय कमी केलं?" मग धाकट्याकडे वळून म्हणाली, "आता मी हो म्हणते."

लगेच ती जिन्यात जाऊन बसली आणि तिनं त्या विणकर बाईंना फोन लावला. "सूत पाठवा," ती म्हणाली. "हो, पुढचंही. तब्येतीला काय झालंय माझ्या?"

खांब उभे राहिले, सांगाडा चढला, पॅनेलं बसली. ताई कामगारांच्या मागे मागे हिंडत होती. दांड्यांसाठी आकडे इथे लावा, मला हात वर करून पोचलं पाहिजे, ही वायर तिकडून न्या. धाकट्यानं तिला असं हुकूम सोडताना कधी पाहिलं नव्हतं. तो कौतुकानं नुसता बघत होता, आणि मोजणीवाला तिला "होय मुकादम" म्हणत होता.

मला ठरवून नाक मुरडायचं होतं, पण जमलं नाही. ही पॅनेलं खरोखर गुणी आहेत. मी ऊन अडवायचे, तेवढंच मला येत होतं. ही ऊन पिऊन टाकतात, आणि प्यायलेलं सगळं तारेनं खाली हंड्यांकडे पाठवतात. तेच ऊन, जे ताईचा रंग उडवायला टपलेलं असायचं, ते आता तिच्या हंड्यात रंग उकळतं. दुश्मनाला असं कामाला लावलेलं मी दुसरं पाहिलं नाही. सोसाट्याच्या वाऱ्यात हलत नाहीत, पावसात आक्रसत नाहीत, सूर्य कुठेही जाऊ दे, जागा सोडत नाहीत. कडेला सकाळ-संध्याकाळी तिरपं ऊन शिरतं, म्हणून ताईनं दांड्या मधोमध घेतल्या, एवढंच. फडफडता मात्र त्यांना येत नाही. तेवढं एक माझ्याकडे आहे.

बिल अजूनही येतं, पण धाकटा आता पाणी न पिता उघडतो. कुणी विचारलं, काय हो, फायद्याचं आहे का, तर तो विचारतो, तुमच्या गच्चीवर सध्या काय चाललेलं असतं ते आधी सांगा. लोकांना वाटतं हा विषय टाळतोय.

पहिले काही दिवस ताईची गंमत झाली. जेवताना तिची मान वर व्हायची, ती उठायची, जिना चढून वर यायची आणि हात उंचावून उभी राहायची. ओढायला काही नसायचं. लड्या निवांत झुलत असायच्या, सावली जाग्यावर असायची. ती इकडेतिकडे बघायची, एखादी सरळच असलेली लडी पुन्हा सरळ करायची आणि खाली जायची. परत थोड्या वेळानं वर. एकदा भावजय खालून म्हणाली, "ताई, ऊन सरकलं तरी आता आपल्याला काय त्याचं?" ताई हसली, पण चढणं सुटलं नाही.

आज दुपारीही ती अशीच वर आली. लड्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मला तिनं कालच धुऊन, फासे कापून कठड्यावर टाकलं होतं. तिनं मला उचललं, चौपदरी घडी केली, दोन रांगांच्या मधल्या फरशीवर पसरली आणि माझ्यावर बसली. थोडा वेळ बसून राहिली. मग "पाठ टेकते जराशी" असं लड्यांना की पॅनेलांना की मला, कुणाला तरी सांगून आडवी झाली.

आत्ताच धाकटा जिना चढत आला. मोबाईलवर आज किती वीज तयार झाली ते दाखवायचं होतं त्याला, तोंड उघडलेलंच होतं. दारात थांबला. त्यानं चपला काढून हातात घेतल्या, आणि केस पिकलेला तो माणूस पावलं न वाजवता उलट्या पायऱ्या उतरून गेला.

तुम्हालाही पॅनेलं बघायची असतील, काही विचारायचं असेल, तर या घरी जरूर या. धाकटा सगळं सांगेल, वर मोजणीवाल्याचा नंबरही देईल. पण आत्ता नको. ताईचा नुकताच डोळा लागलाय.